सगळ्यांची तोंडं भिंतीकडे

१

आई गेल्यावर आम्ही बाबांना आमच्याकडे घेऊन आलो, आणि आल्यापासून बाबा वाळत चालले.

बाबा पाणबुडे होते. सिनेमात दाखवतात तसले नव्हेत. गोदीत जहाज दुरुस्तीला लागलं की त्याच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, गढूळ पाण्यात हातानं चाचपून पत्र्याचे तडे शोधायचे, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. आता काचबिंदूनं डोळे नेले होते. समोरचं धूसर दिसायचं, कडेचं काहीच नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. लेकीच्या दुकानात भिंतभर चष्मे आणि बापाला एकही चालत नाही, असं ते पूर्वी स्वतःच म्हणून हसायचे. आमच्याकडे आल्यावर तेही बंद झालं. आमच्या शहरापासून समुद्र इतका लांब की त्याचा वारासुद्धा इथवर पोचत नाही. बाबा दिवसभर गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसायचे, गाडी चुकलेल्या माणसासारखे. ताटात वाढलेलं ताटातच राहायचं.

"झाड उपटून दुसरीकडे लावलं की आधी पानं गाळतंच," माझा नवरा म्हणायचा. पण बाबांची पानं संपत आली होती, हे त्यालाही दिसत होतं.

नवरा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. सगळ्या शहराचं पाणी आधी त्याच्या नाकाखालून जातं आणि मग नळाला येतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीची कल्पना त्याचीच. बाबांना समुद्राकडे नेता येत नाही, तर थोडा समुद्र घरी आणू, म्हणाला. आणि तो तोच असल्यामुळे सगळं पद्धतशीर झालं. पाणी प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून आणलेलं, मीठ बंद पाकिटातलं, दगड रसायनात बुडवून गच्चीवर कडकडीत वाळवलेले. जंतूसुद्धा आत आला असता तर आधी परवानगी मागून. मासे नंतर, पाणी मुरल्यावर आणायचे होते. तोवर पुढच्या खोलीत, कपाटाशेजारी, नुसती टाकी होती: पाणी, दगड, दिवा आणि पंपाची बारीक गुणगुण.

बाबांनी पहिल्या दिवशी तिच्यात बोट बुडवून चाटलं. चेहरा जरा सैल झाला. मग म्हणाले, भूक लागलीय.

२

बाबांच्या बोटांचे ठसे काचेवर उमटायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ते पुसायची. एके दिवशी काही ठिपके पुसलेच जाईनात. आधी वाटलं मिठाचे डाग. मग लक्षात आलं, ते काचेच्या आतून आहेत.

खालून चष्म्याचे स्क्रू बघायचं भिंग आणलं. ठिपके पांढुरके होते, खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यांना केसांसारखे पाय होते, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला एकच काळं टिंब. एक ठिपका सरकला. मग त्याच्या शेजारचा. मी भिंग डोळ्याला लावून तशीच उकिडवी बसून राहिले. बाहेर पहिलं गिऱ्हाईक शटर वाजवत होतं, तरी उठवेना.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, शक्यच नाही. संध्याकाळी येऊन त्यानं बघितलं आणि मिठाची पाकिटं पुन्हा वाचून काढली. टाकी जिथून घेतली त्या माशांच्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसायला लागला. पाणपिसवा असतील, म्हणाला, दगडाबरोबर येतात, मासे आवडीनं खातात, काळजीचं कारण नाही. आमचे दगड मेलेले आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग मिठातून आले असतील. मीठ पाकिटातलं आहे म्हटल्यावर म्हणाला, काही गोष्टी येतात हो, घर रिकामं दिसलं की येतात.

बाबांना मात्र उधाण आलं. त्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं, पण रोज सकाळी मी भिंग लावून सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, असा नेमच पडला. आज जास्त आहेत. आज दगडाच्या सावलीत आहेत. एकावर एक बसलेत, शाळा सुटल्यासारखे. ऐकता ऐकता बाबा पाव संपवायचे, अंडं संपवायचे, आणि मी त्यांच्याकडे न बघता बोलत राहायची, कारण बघितलं असतं तर माझं सांगणं थांबलं असतं आणि त्यांचं खाणंही.

अशाच एका सकाळी ते म्हणाले, "काय करतायत?"

मी म्हटलं, काही नाही, बसलेत नुसते.

"तोंड कुठे आहे?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी बघितलं. मग टाकीच्या दुसऱ्या बाजूनं बघितलं, मग वरून. ते आता हजारोंनी झाले होते. काचेवर, दगडावर, पंपाच्या नळीवर. आणि त्या सगळ्यांची काळी टिंबं एकाच बाजूला होती. कपाटामागच्या भिंतीकडे.

३

नवऱ्याला कारण हवं असतं. कारण नसलेली गोष्ट त्याच्या दाताखाली खड्यासारखी येते. त्यानं आधी दिवा बंद केला. मग दिवा उलट्या बाजूला लावला. मग पंप थांबवला, म्हणजे प्रवाह नको. मग लोहचुंबक आणून काचेवर फिरवलं. ते हलले नाहीत. चुंबक काढून घेताना तो मला थोडा ओशाळलेला वाटला, देवाची परीक्षा घ्यायला गेलेल्या माणसासारखा.

मग त्यानं एका काचेच्या बरणीत थोडं पाणी घेतलं, त्यात शे-दोनशे जीव आले. बरणी स्वयंपाकघरात नेली. तिथं तर कपाट नाही, ती भिंतही नाही. त्यांनी जरा वेळ घेतला, आणि पुन्हा सगळे त्याच दिशेला वळले. बरणी त्यानं हळूच गोल फिरवली. काच फिरली, पाणी फिरलं, ते पाण्याबरोबर वाहवले, आणि मग एक एक करत परत वळले.

"कपाट नाही," तो म्हणाला. "भिंत नाही. भिंतीच्या पलीकडचं काहीतरी."

भिंतीच्या पलीकडे गल्ली आहे. गल्लीपलीकडे बंद पडलेलं गोदाम, त्यापलीकडे शेजारची वस्ती, मग माळ. नुसता माळ, दगडधोंड्यांचा.

दुसऱ्या दिवशी तो बरणी कामावर घेऊन गेला. त्याची प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथं खिडकीत ठेवल्यावर ते वेगळ्याच कोनात वळले. घरी येऊन त्यानं शहराचा नकाशा जमिनीवर पसरला, आमच्या घरापासून एक रेघ मारली, प्रयोगशाळेपासून दुसरी. दोन्ही रेघा नकाशाच्या बाहेर जाऊन मिळत होत्या. त्यानं नकाशाला कोरा कागद जोडला आणि रेघा तिथवर नेल्या. पेन्सिलीचं टोक जिथं थांबलं तिथं त्यानं फुली मारली. प्रत्यक्षात तिथं माळरान होतं. विहीर नाही, तळं नाही, रस्ता नाही.

पुढच्या खेपेला रेघा मारल्या तेव्हा कोरा कागद जोडावा लागला नाही.

४

बाबांच्या खुर्चीकडे माझं लक्ष तेव्हा गेलं.

ती टाकीसमोर असायची. मी झाडताना बाजूला करायची आणि परत जागेवर ठेवायची. पण दुपारी वर आले की ती वळलेली असायची. बाबांचे गुडघे, छाती, तोंड, सगळं कपाटाकडे. टाकी त्यांच्या डाव्या खांद्याशी. मला वाटलं ऊन लागत असेल. मी विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटलं. मी तर टाकीकडेच बघतोय की, म्हणाले, आणि हात पुढे केला. तो काचेऐवजी कपाटाच्या दाराला लागला. तसा मागे घेऊन मांडीवर ठेवला.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. रेघा, माळ, रेघा मिळतात तो जवळ येणारा बिंदू. मला भीती होती की म्हातारा माणूस घाबरेल. पण बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि मग पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन कामाची गोष्ट काढली.

म्हणाले, आम्ही खाली असताना वरचं काही दिसायचं नाही. पाणी इतकं गढूळ की आपला हात आपल्याला दिसत नाही. शेजारच्या धक्क्याला मोठं जहाज लागायचं असलं की वरून दोरी ओढून इशारा यायचा. पण इशारा येण्याच्या आधी बारके मासे गालाला लागायचे. बोटाएवढे, हजारोंनी. सगळे एकाच बाजूनं यायचे आणि थांबायचे, तोंडं फिरवून. आणि मग अंगाला कळायचं. आवाज नाही, धक्का नाही. पाणी जड व्हायचं, इतकंच. मग ते डोक्यावरून जायचं.

"म्हणजे हे त्या माशांसारखे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक, पोरी. मी फक्त जहाजांखाली होतो."

५

नवऱ्यानं टाकी ओतून द्यायचं ठरवलं. त्यानं मला आधी बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी हो म्हटलं. मलाही आता कपाट बंद करून वळताना त्या भिंतीला पाठ करवत नव्हती. पण बाबांना कसं सांगायचं? जे बघायच्या मिषानं माणूस जेवायला लागला, तेच गटारात ओतायचं? आम्ही दोघंही एकमेकांवर ढकलत होतो. तूच सांग, तुझे बाबा. तूच सांग, तुझी टाकी.

आमचं ठरेपर्यंत सकाळ झाली आणि बाबा खुर्चीत नव्हते.

जिना उतरून, दुकानाशेजारून, ते रस्त्यावर गेले होते. जवळजवळ आंधळा माणूस, अनोळखी शहर. मी औषधवाल्याला विचारलं, सायकलवाल्याला विचारलं, कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंच ओळखलं. तो मागच्या गल्लीतून गोदामाकडे धावत गेला. बाबा गोदामाच्या भिंतीला पोट टेकवून उभे होते. घरातून नाकासमोर सरळ रेघ मारली असती तर ती बरोबर तिथंच लागली असती. भिंत आडवी आली म्हणून थांबले होते, नाहीतर गेले असते.

मी त्यांचा हात धरला. थंड होता, पण स्थिर.

"बाबा, कुठे निघाला होता?"

"कुठे नाही. म्हटलं थोडं पुढे होऊन बघावं." ते लहान मुलासारखं हसले. "इतकं मोठं कधी आलं नव्हतं गं."

घरी आणून चहा दिल्यावर नवऱ्यानं त्यांच्यासमोर बसून सांगितलं की टाकी आज काढून टाकतोय. मला वाटलं होतं ते विनवतील, रुसतील. त्यांनी कपात फुंकर मारली.

"टाका, जावईबापू. पण त्यांना ओतलंत तर आपल्याला कळायचं बंद होईल, एवढंच. येणारं थांबणार नाही."

नवरा उठला आणि टाकीतलं आटलेलं पाणी भरून काढायला निर्जंतुक पाण्याचा कॅन आणायला गेला.

६

ते आलं ते भर दुपारी.

मी दुकान जेवणासाठी बंद करून वर आले होते. सूप वाढत होते. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नवरा आत आला, कामावरच्या कपड्यांत, बरणी छातीशी धरून. जन्मात कधी त्यानं कामाच्या वेळेत जागा सोडली नसेल. त्याला धाप लागली होती.

"घराकडे बघतायत," तो म्हणाला. "तिकडे प्रयोगशाळेतून बघितलं तरी आपल्या घराकडे."

आम्ही टाकीपाशी गेलो. काच रिकामी होती. दगड रिकामे होते. सगळेच्या सगळे पाण्याच्या मधोमध जमले होते, दुधाचा थेंब सोडावा तसे, आणि भिंतीकडे तोंड करून थांबले होते. बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले, आणि मी सूपच्या पळीसकट तिथंच उभी राहिले.

आधी पंपाची गुणगुण गेली. पंप चालूच होता, बुडबुडे येत होते. आवाज गेला होता. मग फ्रिजचा गेला, मग रस्त्याचा. टेबलावर सूपच्या वाट्या होत्या. दोन्ही वाट्यांमधलं सूप एका बाजूला चढलं होतं, आणि सांडत नव्हतं.

मग त्या जिवांनी वाट दिली. कुणी ढकललं नाही, कुणी घाबरलं नाही. मोठं माणूस आत आल्यावर बैठकीतले लोक दोन्हीकडे सरकतात, तसे ते सरकले, आणि मधे मोकळं पाणी राहिलं. त्या पाण्यातून मागची काच दिसायला हवी होती. काचेमागे भिंतीचा पिवळा रंग. ती टाकी माझ्या हाताच्या लांबीएवढीही खोल नाही.

भिंत नव्हती. पाणी होतं, आणि ते संपत नव्हतं. निळं नाही, काळं नाही. डोळे मिटल्यावर जो रंग दिसतो त्या रंगाचं. आणि त्यात, फार लांबून आणि अगदी जवळून, एक बाजू सरकत होती. तोंड मला दिसलं नाही. ते आधीच पुढे गेलं असावं, किंवा माझ्या नजरेला ते तोंड म्हणून कळलं नसावं. नुसती बाजू, डोंगराची कड आगगाडीतून सरकते तशी, फक्त इथं आम्ही थांबलो होतो आणि डोंगर चालला होता. तिच्यावर घड्या होत्या. एकेका घडीत आमचं शहर बसलं असतं.

"किती मोठं आहे गं?" बाबांनी विचारलं.

रोज सकाळी मी त्यांना सांगत आले होते. आज, सावलीत, एकावर एक, शाळा सुटल्यासारखे. यातला एकही शब्द त्याला पुरत नव्हता.

"संपत नाहीये, बाबा," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं. "असू दे. लागतंय हाताला."

मला ते सोसेना, म्हणून मी खिडकीकडे वळले. वळले म्हणते, पण माझी मान आपण होऊनच तिकडे चालली होती, हळूहळू, आणि नवऱ्याचीही, आणि बाबांचीही. खाली रस्ता होता. औषधवाला काउंटरमागून बाहेर येऊन उभा होता. सायकलवाला एक पाय टेकवून. बाळगाडी धरलेली बाई, गाडीतलं बाळ, कोपऱ्यावरचा कुत्रा, बसच्या खिडक्यांतली माणसं. सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे होती, आणि मग ती वळू लागली. सगळी एकदम, एका वेगानं. कुणी ओरडलं नाही. कुणी बोट दाखवलं नाही. आभाळात काही नव्हतं. पण लेकरांना पहिल्यांदा आगगाडी दाखवली की जशी तोंडं होतात, तशी ती मोठ्या माणसांची तोंडं झाली होती. ती ज्याच्याकडे बघत होती ते त्यांच्यामधून जात होतं, आणि त्याला आम्ही कुणीच लागत नव्हतो.

मग आवाज परत आला. बसनं भोंगा दिला. सायकलवाल्यानं पायडल मारलं.

सूप पार थंड झालं होतं.

७

दुसऱ्या दिवशी मी औषधवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, काल दुपारी बाहेर येऊन काय बघत होता. तो म्हणाला, मी? दुपारी मी आतच होतो. मग मान चोळत म्हणाला की सकाळपासून मलम संपत आलंय, जो तो मान धरली म्हणून येतोय. हवा बदलली असेल.

नवऱ्यानं नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. तो आता चुंबक काढत नाही, दिवा बंद करून बघत नाही. कामावरून आला की बाबांशेजारी जमिनीवर बसतो आणि दोघं गोदीच्या गप्पा मारतात. मी एकदा त्याला विचारलं, तू काय पाहिलंस. तो म्हणाला, तू सांगू नकोस, मीही सांगत नाही. दोघांचं वेगळं निघालं तर मला झेपायचं नाही, आणि एकच निघालं तर अजिबातच झेपायचं नाही.

ते जीव काही दिवस खिडकीकडे तोंड करून होते, निघून गेलेल्याच्या मागे बघत. मग तेही ढिले झाले. कुणी इकडे, कुणी तिकडे, जगरहाटीला लागल्यासारखे. मला बरं वाटलं, आणि थोडं ओकंही. मासे आणायचं आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

आज सकाळी मी भिंग घेऊन बसले होते. नवरा बूट घालत होता. बाबांनी पावाचा तुकडा तोडता तोडता विचारलं, "तोंड कुठे आहे?"

मी बघितलं. दुसऱ्या बाजूनं जाऊन बघितलं.

"भिंतीकडे," मी म्हटलं. "सगळ्यांची."

नवऱ्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "परत येतंय?"

बाबांनी तुकडा बशीत ठेवला आणि कान दिल्यासारखी मान कलती केली. मग त्यांचा चेहरा मऊ झाला, मी लहान असताना ते कामावरून आल्यावर व्हायचा तसा.

"ते नव्हे," ते म्हणाले. "हे हलकं आहे. याची चाल सरळ नाही, थांबत थांबत येतंय." मग हसले. "ती याची आई होती, पोरी. ती बिचारी आपल्या वाटेनं निघून गेली, तिनं काही इकडेतिकडे बघितलं नाही. पिल्लाचं तसं नसतं. पिल्लू दिसेल त्यात नाक घालतं."

नवऱ्यानं हळूहळू बूट काढून ठेवले. मी खाली जाऊन शटर ओढलं, वर आले, आणि दोन खुर्च्या बाबांच्या खुर्चीला लावून, भिंतीकडे तोंड करून मांडल्या.